बादशहाचा मुकुट आणि आटपाडीचा राजा

लंडनच्या त्या राजाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. आठवा एडवर्ड त्याचं नाव. वॉलिस सिम्पसन नावाच्या अमेरिकन बाईवर त्याचं मन जडलं. तिचा एक घटस्फोट झालेला, दुसरा होऊ घातलेला. अशी बाई राणी कशी चालेल म्हणून पंतप्रधानांपासून धर्मगुरूंपर्यंत सगळे आडवे आले. ११ डिसेंबर १९३६ ला त्याने सरळ गादी सोडली आणि रेडिओवरून सगळ्या जगाला ते सांगितलं. जानेवारीत गादीवर आलेला राजा डिसेंबरात पायउतार! राज्याभिषेकसुद्धा झाला नव्हता. प्रेमासाठी राज्य सोडणारा राजा म्हणून त्याच्यावर पुस्तकं झाली, सिनेमे झाले, मालिका झाल्या.

मैत्रिणींनो, याच्यानंतर दोनच वर्षांनी आपल्याकडच्या एका राजानेही आपली सत्ता सोडली. त्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं. प्रजेने वाड्याला घेराव घातला नव्हता, की लग्नाची भानगड नव्हती. वयाची सत्तरी गाठलेल्या त्या माणसाने आपण होऊन सांगितलं की आता गावांचा कारभार गावांनीच बघावा. त्याच्यावर मात्र मालिका निघाली नाही. आटपाडीच्या बाजारात दहा बायकांना त्याचं नाव विचारलं, तर चार जणी तरी सांगतील का, मला शंका आहे. आणि आटपाडी तर त्याच्याच राज्यात होती!

त्याचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सगळे त्यांना बाळासाहेब म्हणत. औंध संस्थानचे ते राजे. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. मग आटपाडी औंधच्या राज्यात कशी? तर हे संस्थान म्हणजे गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखं होतं. उणीपुरी ७२ गावं, तीही सलग नाहीत. एक तुकडा औंधचा, एक कुंडलचा, एक आटपाडीचा आणि एक तर पार विजापूरकडे. मधल्या जागेत इंग्रजांचा मुलूख. सकाळी पंतांच्या राज्यात भाकरी बांधून निघालेला माणूस दुपारी बादशहाच्या राज्यात खाई आणि संध्याकाळी पुन्हा पंतांच्या राज्यात झोपे.

आता हे 'राजा' आणि 'बादशहा' प्रकरण जरा समजून घेऊ या. विलायतेचा राजा हा हिंदुस्थानचा बादशहा. सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, मग आपला तो प्रेमवीर आठवा एडवर्ड आणि त्याच्यानंतर त्याचाच भाऊ सहावा जॉर्ज. या बादशहाच्या हाताखाली आपल्याकडे शेकडो संस्थानिक होते. संस्थानिकाची गत एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखी. स्वयंपाकघर तिच्या नावाचं, पण कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. कुठल्या राजाला किती तोफांची सलामी द्यायची, हेही वरून ठरे. कोल्हापूरला १९ तोफा, सांगलीला ९. औंधला? एकही नाही. तोफांच्या मानात आपला राजा शून्य!

बरं, बाळासाहेब गादीवर आले तेही इंग्रजांमुळेच. जन्म १८६८ चा. धाकट्या मुलाला गादी मिळायची नसतेच, म्हणून शिकले, पुण्याला जाऊन बी.ए. झाले. वडील १९०१ मध्ये गेले, थोरले भाऊ गादीवर बसले. ते १९०५ मध्ये गेले, तेव्हा पुतण्या बसला. या पुतण्याला इंग्रजांनी १९०९ मध्ये पदच्युत केलं आणि काकांना बोलावलं. वय ४१. म्हणजे ज्या बादशहाच्या सरकारने त्यांना राजा केलं, त्याच सरकारला तीस वर्षांनी कळेना की हा माणूस आपला अधिकार असा वाटून का टाकतोय.

घराणं मात्र जुनं. छत्रपती राजारामांच्या काळापासूनचं हे 'प्रतिनिधी' पद, किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांच्या वंशात चालत आलेलं. (याच घराण्याच्या इतिहासात ताई तेलीण येते. पेशव्यांचा सेनापती बापू गोखले चालून आला, तेव्हा वासोटा किल्ला तिने लढवला होता. तिच्यावर खरं तर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.)

राजा म्हणून बाळासाहेब कसे? शौक होते, पण शिकारीचे किंवा मोटारींचे नव्हेत. ते स्वतः चित्रं काढत. रामायणावर चित्रांचं पुस्तक केलं, अजिंठ्यावर पुस्तक काढलं. स्वतः उभं राहून कीर्तन करत. राजा फेटा बांधून कीर्तनाला उभा आहे आणि समोर प्रजा मांडी घालून बसली आहे, हे चित्र डोळ्यासमोर आणा! पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिला पहिल्यापासून या छोट्या संस्थानाचा मोठा हातभार होता. औंधला यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं बघायला आपल्याला मुंबई-बडोद्याला जायला नको, औंधला गेलं तरी पुरे. यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका ओटी भरून तशाच खाली उतरतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि सूर्यनमस्कार! आज योगा क्लासमध्ये पैसे भरून आपण जे शिकतो, ते बाळासाहेबांनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सक्तीचं केलं होतं, मुलींनाही. घरच्या बायकाही नमस्कार घालत. त्या काळात, जेव्हा मुलीने पळणं-उड्या मारणं हेच घराण्याला बट्टा लावणारं मानत! १९३६ मध्ये ते विलायतेला गेले असताना लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईने त्यांची मुलाखत घेतली, त्यावर लेखमाला लिहिली आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडचा राजा गादीवरून उतरत होता, त्याच वर्षी औंधचा राजा इंग्लंडच्या बायकांना नमस्कार शिकवत होता. गंमतच आहे.

आणखी एक ऋण आपल्या बायकांवर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा १९१० मध्ये बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. काटेरी निवडुंगाचा तो माळ. तिथे नांगरांचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं. आपल्या आज्या-पणज्या दुपारचं आवरून जे वाचत बसायच्या, ते 'स्त्री'. बायकांची पानं, बायकांचे प्रश्न, बायकांची पत्रं हे सगळं त्या माळावर छापलं जात होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले, ते डोक्यात वेगळेच विचार घेऊन. त्यांची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या ज्यू इंजिनिअरशी. हे गृहस्थ बंगळूरला कारखान्यात मोठ्या पदावर होते आणि भगवी वस्त्रं घालून 'स्वामी भारतानंद' झाले होते. चरख्यात सुधारणा करणारा, अध्यात्मात बुडालेला, कुठल्याच चौकटीत न बसणारा माणूस. (पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची प्रवचनं इंग्रजीत आणून जगभर पोहोचवली, ती यांनीच.) फ्रीडमननी पिता-पुत्रांपुढे विचार मांडला की सत्ता लोकांना देऊन टाका. कुठल्याही बापाने अशा पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. बाळासाहेबांनी मान डोलावली! नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्यांनी तसं जाहीर केलं. जाहीरनामा लिहिला फ्रीडमननी. मग घटनेचा मसुदा घेऊन मंडळी सेवाग्रामला गेली. गांधीजींनी त्यात स्वतः लक्ष घातलं आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्याची घटना लागू झाली.

घटना म्हटल्यावर जाडजूड पुस्तक डोळ्यासमोर येतं, पण हिची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती, आणि तिथून वर संस्थानची विधानसभा. म्हणजे इमारत पायापासून वर. गावची शाळा, गावचा रस्ता, गावची भांडणं यांचा निकाल शक्यतो गावातच. राजा राहिला, पण घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. सल्ला द्यायचा, हुकूम सोडायचा नाही. सगळ्या हिंदुस्थानात त्या वेळी शेकडो संस्थानिक होते. आपण होऊन असं करणारे किती, ते शोधायला गेलात तर बोटं शिल्लक राहतील. इतर राजेमंडळींनी नाकं मुरडली असतील तर नवल नाही.

तिकडे लंडनला सहावा जॉर्ज नुकताच गादीवर स्थिरावत होता. अडखळत बोलणारा, भावाने टाकलेलं ओझं नाइलाजाने उचललेला हा राजा. त्याचा तोतरेपणा 'द किंग्ज स्पीच' या २०१० च्या सिनेमात आपण पाहिला. पुढच्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना तो लंडन सोडून गेला नाही, म्हणून इंग्लंडच्या बायकांना तो आपला वाटला, हेही खरं. पण हिंदुस्थानचा बादशहा असूनही राजेपणी तो एकदाही इथे आला नाही. आटपाडीला त्याचं दर्शन झालं असेल ते फक्त नाण्यावर!

आटपाडीत मात्र त्याच १९३९ मध्ये काहीतरी वेगळं घडत होतं. माणदेश म्हणजे पावसाने तोंड फिरवलेला मुलूख. माणगंगेला पाणी कमी आणि वाळूच जास्त. माणसं मेंढरं घेऊन वाटेला लागायची, पुढे तर गलाईच्या धंद्याला देशभर पांगली. अशा या माळावर, आटपाडीजवळ, संस्थानने कैद्यांसाठी वसाहत केली आणि तिला नाव दिलं स्वतंत्रपूर. कल्पना फ्रीडमन यांची, होकार राजाचा. उंच भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेचे, खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, आणि त्यांच्या हातात कुदळ-फावडं देऊन सांगितलं की जमीन कसा आणि माणसासारखे राहा. आज वाचतानासुद्धा काळजात धस्स होतं, तेव्हा आसपासच्या बायाबापड्यांना काय वाटलं असेल!

यावरच व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ मध्ये. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. तेही इथलेच, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेचे. बर्लिनला त्या सिनेमाचं कौतुक झालं. सहा कैद्यांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे. सिनेमात संध्याची खेळणी विकणारी चंपा आहे, गाणी आहेत, बैलाशी झुंज आहे.

पण सिनेमात जे नाही ते मला जास्त मोलाचं वाटतं. स्वतंत्रपुरात कैदी बायको-मुलांसह राहतो. ही वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाखाली चालू आहे. बंद तुरुंगात काही वर्षं काढलेल्या, चांगली वागणूक असलेल्या थोड्या कैद्यांची इथे निवड होते. त्यांना छोटं घर मिळतं, शेतात काम मिळतं, आणि घरात चूल पेटवायला बायको येऊ शकते.

जरा थांबून विचार करा. नवरा तुरुंगात गेला की बाईचं काय होतं? सासरी ती 'त्याची बायको' म्हणून नकोशी आणि माहेरी ओझं. मुलांना शाळेत नाव विचारलं की खाली मान. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीचे पैसे जमवून जाळीपलीकडची भेट घ्यायची, तीही पाच-दहा मिनिटांची. जमिनीचा तुकडा असेल तर भावकी टपलेली. कोर्टाने शिक्षा एकट्याला सांगितलेली असते, पण ती भोगायला घरातले सगळे असतात. स्वतंत्रपुराची कल्पना करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं, १९३९ मध्ये! नवऱ्याला सुधारायचं तर त्याचा संसार मोडू देऊ नका, हे त्यांना कळलं होतं.

अर्थात सगळं गोडगोड नाही. गुन्हा त्याचा, पण कैद्यांच्या वसाहतीत घर तिला मांडायचं. नियम त्याला आणि तिलाही. बाहेरच्या बाजारहाटाला गेली तर लोक 'तिथली' म्हणून ओळखणार. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर पत्ता काय लिहायचा, हा प्रश्न तिलाच सोडवायचा. तरीही ज्या बाईने चार-पाच वर्षं जाळीतून नवरा पाहिला आहे, तिला त्या दोन खोल्या काय वाटत असतील ते आपण बाहेरून ठरवू नये. आणि एक बोचतं. पुरुषाला बायको-मुलांसह राहता यावं म्हणून इतक्या लवकर कुणाला तरी सुचलं. कैदी बाईचं काय? महाराष्ट्रात बायकांसाठी पहिलं खुलं कारागृह येरवड्याला निघालं ते २०१० मध्ये. मधे सत्तर वर्षं गेली.

राजाची स्तुती करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करायला नको. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ चा, याच आटपाडीतल्या महारवाड्यातला. वडील गावची तराळकी करणारे. त्यांचं 'तराळ अंतराळ' हे आत्मचरित्र वाचलं की कळतं, राजा कितीही भला असला तरी गावकुसाबाहेरची चूल रोज पेटतेच असं नव्हतं. खरात औंधला शिकले, वकील झाले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिक्षणाची वाट त्यांना या संस्थानात सापडली हे खरं, आणि त्या वाटेवर किती काटे होते हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पंचायत गावाच्या हाती आली म्हणजे ती लगेच सगळ्या गावाच्या हाती आली, असं नसतं. बायकांचं तर विचारूच नका. त्या काळी चावडीच्या पायरीवर बाई दिसली तर ती फिर्याद घेऊन आलेली असायची, निवाडा द्यायला बसलेली नव्हे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली असेल तर आठवेल. धनगरांच्या वस्तीत तरुण मास्तर तालीम बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. मेंढरांच्या वाडीत राजा! कादंबरी आहे, पण हवा खरी आहे. या राजापर्यंत माणूस पोहोचू शकत होता. १९४२ नंतर इंग्रज पोलीस मागे लागले की नाना पाटलांच्या पत्री सरकारातली मंडळीही औंधच्या हद्दीत शिरत. कुंडलसारखी गावं संस्थानात होती, तिथे बादशहाचे पोलीस सहज घुसू शकत नव्हते. गोधडीच्या ठिगळांचा असाही उपयोग झाला.

हा प्रयोग चालला नऊ वर्षं. ८ मार्च १९४८ ला औंध भारतात विलीन झालं. ही तारीख आपल्याला महिला दिन म्हणून पाठ असते, आटपाडीकरणींनी तिला आणखी एक खूणगाठ बांधायला हरकत नाही. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याबरोबर गावांच्या हाती आलेलं बरंच काही पुन्हा वर, कचेरीत गेलं. पंचायतींना घटनेचा आधार मिळाला तो त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा आल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आज आटपाडी तालुक्यातली एखादी सरपंचबाई ग्रामसभेत बसते, तेव्हा नवऱ्याने तिच्या वतीने बोलावं की तिने स्वतः, हा वाद अजून चालू असतो. पण चावडीची ती पायरी ती चढलेली आहे.

जून १९४८ मध्ये सहाव्या जॉर्जने 'हिंदुस्थानचा बादशहा' ही पदवी अधिकृतपणे सोडली. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला वारले आणि जॉर्ज फेब्रुवारी १९५२ मध्ये. आठवा एडवर्ड मात्र पॅरिसमध्ये १९७२ पर्यंत जगला, मेजवान्या, बागकाम आणि वॉलिसच्या संगतीत.

अप्पासाहेब पंत १९४४ मध्ये औंधचे पंतप्रधान झाले होते. विलीनीकरणानंतर त्यांना नेहरूंनी परदेशी पाठवलं. आधी पूर्व आफ्रिका, मग सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त. १९६९ मध्ये ते लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. तेव्हा गादीवर सहाव्या जॉर्जची मुलगी होती, एलिझाबेथ. तिच्या दरबारी भारताच्या वतीने उभे राहिले ते एकाही तोफेची सलामी नसलेल्या संस्थानचे चिरंजीव.